उतरणीआधी मूठ वळली पाहिजे

३ नोव्हेंबर

मूठ – नाही.

बारामतीच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, रोज सकाळी उठल्याबरोबर मूठ वळते का बघायचं आणि लिहून ठेवायचं. मनात काय येतं तेही लिहा म्हणाल्या. मनात येतं ते सगळं लिहिलं तर वही पेटेल. पेनाला चिंधी गुंडाळलीय. जाड झालं की धरता येतं.

आज चरवीचं झाकण दातानं काढलं. हे बघत होते. "मला हाक मारायची की." प्रत्येक झाकणाला नवऱ्याला हाक मारायची म्हणजे ह्यांनी रानात जाऊच नये.

संधिवाताच्या आठवड्याच्या गोळ्या घेऊन वर्ष होऊन गेलं. गुडघे थोडंफार ऐकतात, बोटं अजिबात नाही. आता मॅडम म्हणतात इन्फ्युजन. शिरेतून औषध, बाटली लावून, थेंब थेंब. आधी एक, पंधरा दिवसांनी दुसरं, मग महिन्यानं, मग दर दोन महिन्यांनी. स्वातीच्या कंपनीच्या विम्यात आई-बाप बसतात म्हणून जमतंय. लेक शिकली त्याचं सार्थक.

संध्याकाळी विलासभाऊजी आले. धाकटे दीर, जमीन अजून एकत्र. ओट्यावर बसून चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "वैनी, तुमच्याच्यानं आता व्हत न्हाय. खुडायला गडी मिळत न्हाईत. उतरणीला पानमळा काढून टाकू आन् ऊस लावू."

उतरण फेब्रुवारीत. विड्याच्या पानांच्या सगळ्या वेली सोडून खाली घ्यायच्या, वेटोळं करून मातीत गाडायच्या, शेंडे पुन्हा नव्यानं चढवायचे. ते केलं नाही तर मळा संपला. सगळं बोटांचं काम, आणि बोटं ही अशी. हे कुणाची बाजू घेत नाहीत. म्हणाले, "उतरणीपातुर बघू."

मी म्हटलं, "बघा की. ती बारामतीची सलाईन लागू द्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी खुडायला उभी राहती का न्हाय बघा."

भाऊजी हसले. हसू दे.

७ नोव्हेंबर

मूठ – नाही. अंगठा हलतो.

सगळा दिवस बारामतीत, तपासण्या. छातीचा फोटो, टीबीसाठी रक्त, काविळीसाठी रक्त, लिव्हर. मी म्हटलं मला खोकला नाही, कावीळ नाही, मला हात दुखतात. मॅडम म्हणाल्या, "तुमचं अंग तुमच्याच सांध्यांशी भांडतंय. हे औषध ते भांडण थांबवतं. पण भांडणारेच तुमचे राखणदारही आहेत, ते झोपले की आत लपलेला टीबी उठू शकतो. म्हणून आधी बघून घ्यायचं." हे पटलं. दोन लसी दिल्या, फ्लूची आणि न्यूमोनियाची. दाढ किडली का, लघवीला जळजळ होते का, कुठं जखम आहे का, सगळं विचारलं. इतकं तर लग्न ठरवताना कुणी विचारलं नव्हतं.

मग टाचा बघितल्या. भेगाळलेल्या. "चिखलात अनवाणी जाता?"

"पानमळ्यात चपला घालत न्हाईत."

"का?"

काय सांगू? फाटकाशी चपला काढायच्या, पाय धुवायचे, मग आत. लग्न होऊन निमगावात आले तेव्हापासून हेच. पायताण आत नेलं की वेल विटाळते, वाळून जाते म्हणतात. मॅडम ऐकून घेतात, हसत नाहीत, हे त्यांचं बरं आहे. म्हणाल्या, "सुमनताई, औषध सुरू झालं की ओल्या मातीत अनवाणी जायचं नाही. साधी चीर पडली तरी चिघळेल. पायात काहीतरी घाला, नाहीतर मळ्यात जाऊ नका."

मळ्यात जायचं नाही तर हात कशाला बरे करायचेत मला? हे तोंडातच राहिलं.

११ नोव्हेंबर

मूठ – नाही. रिपोर्ट सगळे चांगले. उद्या.

आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, संध्याकाळी दृष्ट काढली. मी गप्प काढू दिली.

१२ नोव्हेंबर

पहिलं.

सकाळची पहिली एसटी. हे बरोबर, कारण एकटीनं यायचं नाही असं सांगितलेलं. वजन केलं, वजनावर औषध ठरतं. ताप बघितला, बीपी बघितलं. एक साधी तापाची गोळी आणि ॲलर्जीचं इंजेक्शन आधीच देऊन ठेवतात. त्यानं डोळ्यांवर झापड येते.

मोठी खोली, टेकायच्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी स्टँड. मला वाटलं होतं पलंगावर आडवं पाडतील. शेजारच्या खुर्चीत लोणी भापकरचे एक तात्या, कानटोपी घालून, मांडीवर भडंगाचा डबा. जुने गिऱ्हाईक.

"पयल्यांदाच का, ताई? पाणी पिऊन आलाय का?"

"न्हाय."

"मग आता सिस्टर शीर हुडकत बसणार."

खरंच दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा सापडली, मनगटाच्या वर. सिस्टर म्हणाली पुढच्या वेळी घरून निघतानाच तांब्याभर पाणी पिऊन या. सुरुवातीला थेंब इतके हळू पडतात की वाटलं बंदच पडलंय. मग जरा जरा वेग वाढवतात. मधून मधून बीपी. घसा खाजतो का, छाती भरते का, थंडी वाजते का, असं काही झालं तर लगेच सांगा, सहन करत बसू नका. बाईमाणसाला हे सांगावं लागतंच.

लघवीला जाताना स्टँड बरोबर ढकलत न्यायचा. तात्या म्हणाले, "ह्याला बैलागत सांभाळून न्या, मागं वढतो." हसू आलं.

दुपार होऊन गेली तेव्हा संपलं. मग उगीच थोडा वेळ बसवून ठेवलं, काही होतंय का बघायला. काही झालं नाही. घरी येताना एसटीत ह्यांच्या खांद्यावर झोपले. निमगावच्या स्टँडवर उतरले तर चार बायका विचारायला. "लावली का गं सलाईन? आली का ताकद?" मी म्हटलं, "उद्या मळ्यात या बघायला."

कशाला बोलले.

१३ नोव्हेंबर

मूठ – नाही.

उठले. बोटं तशीच, हळदीच्या गड्ड्यासारखी. डोकं जड, अंग मोडून आलेलं. तरी गेले. फाटकापाशी चपला काढल्या. (मॅडम, माफ करा, नवं काही पायात घ्यायला वेळच मिळाला नव्हता.)

मिळाले तेवढे गडी खुडायला आले होते, भाऊजी आले होते, आत्याबाई फाटकात बसलेल्या. आणि त्या बायका, खरंच आल्या मेल्या. अंगठ्यात पत्र्याची नखी चढवायला गेले, चढेना. ह्यांनी चढवून दिली. पहिलं पान धरलं, देठाशी नख दाबलं. दाबलंच जाईना. पान फाटलं. दुसरं फाटलं.

मग भाऊजी बोलले. "एवढी भारी सलाईन लावून पान न्हाय तुटत व्हय?"

नखी काढून त्यांच्या पायाशी फेकली आणि घरी आले. रडले. रागानं रडले, बाकी कशानं नाही.

संध्याकाळी हॉस्पिटलात फोन केला. सिस्टरनं उचलला. मी तोंडाला येईल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "ताई, हे ताकदीचं सलाईन नाही. कुणाला दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो, कुणाला तीन-चार महिने लागतात. गोळ्या बंद करू नका. आज थकवा येणारच, झोपा." आधीही सांगितलं असणार त्यांनी. पण बाटली म्हणजे ताकद हे आमच्या हाडात बसलेलं. ताप आला बाटली, बाळंतीण झाली बाटली, इलेक्शनचा प्रचार करून दमला की बाटली. बाटली संपली की माणूस टुणकन उठून बसतो.

१६ नोव्हेंबर

मूठ – नाही.

ह्यांचा प्रताप. मी न्हाऊन बाहेर येते तो ओट्यावर गावातल्या दवाखान्याचा कंपाउंडर, हातात पिशवी. खुंटीला सलाईनची बाटली लटकवलेली सुद्धा.

"हे काय?"

"अगं, पिवळी हाय, ताकदीची. बारामतीची जरा हळू काम करती म्हणाली न्हवं ती सिस्टर. ही जोडीला."

जोडीला! जसं काही दोन बैल जुंपायचेत. मी कंपाउंडरला म्हटलं, बाबा, तुला चहा देते, तेवढा पी आणि बाटली घेऊन जा. तो म्हणाला, "काकू, नुसतं ग्लुकोज हाय, काय व्हत न्हाय." म्हटलं, काय होत नाही तर लावायची कशाला? चहा घेतला आणि गेला.

हे दिवसभर गाल फुगवून बसलेले. रात्री जेवताना म्हणाले, "मला बघवत न्हाय गं तुजं." भाकरी त्यांनी केली होती. जगाचा नकाशा, पण खाल्ली.

२१ नोव्हेंबर

मूठ – नाही. सकाळचा ताठरपणा जरा लवकर सुटला. जरा.

इंदापूरला जाऊन गमबूट आणले. काळे, गुडघ्याखालपर्यंत. मुद्दाम नवे, म्हणजे बाहेरची घाण लागलेले नाहीत. ते फक्त मळ्यातच घालायचे, फाटकाच्या आत ठेवायचे, बाहेर आणायचे नाहीत. एवढा मान मी मळ्याचा ठेवला. पाय धुतले, पुसले, बूट घातले, आत गेले.

आत्याबाईंनी बघितलं. त्यांच्या हातातलं लव्हाळं खाली पडलं. आम्ही वेली लव्हाळ्यानं बांधतो, त्या बसल्याजागी त्याचे तुकडे करून देतात.

"सुमे, काय केलंस हे?"

"डॉक्टरनी सांगितलंय."

"डॉक्टरनी मळा लावलाय का? तुज्या सासऱ्यानं आयुष्यात पायताण न्हाय नेलं आत."

"मामांजींना संधिवात न्हवता."

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. गावात बायका मळ्यात नुसत्या बांधणीला यायच्या, तेव्हा ह्याच मामांजींनी मला नखी घालून खुडायला शिकवलं. भावकी बोलली तरी शिकवलं. त्यांनी काय म्हटलं असतं मला माहीत नाही. पण त्यांनी शिकवलेलं सोडून द्यायला मी तयार नाही.

आत्याबाई उठून घरी गेल्या. जेवल्या नाहीत.

२६ नोव्हेंबर

दुसरं.

पाणी पिऊन गेले. शीर पहिल्या झटक्यात. तात्या नव्हते, त्यांची तारीख वेगळी.

अर्धी बाटली होईपर्यंत सगळं छान. मग घसा खाजायला लागला. वाटलं धूळ असेल. मग मान, मग छातीवर लाल चट्टे, दात वाजायला लागले. सांगू की नको, सांगू की नको. सांगितलं. सिस्टरनं तिथल्या तिथं थेंब बंद केले, मॅडम धावत आल्या, दुसऱ्या नळीतून इंजेक्शनं. पांघरूण घातलं. कुणीतरी सारखं नाव विचारत होतं, मी सारखं सांगत होते.

खूप घाबरले. लिहून ठेवते, कारण उद्या मीच म्हणेन की काही नव्हतं.

हे उभे राहून ओरडत होते, "बास झालं. काढा ती सुई. चला घरी."

मी म्हटलं, "सुई काढायची न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "दोघंही थांबा. हे मी ठरवणार." बराच वेळ बघत बसल्या. चट्टे गेले, बीपी ठीक, मग अगदी संथ सुरू केलं. असं काहींना होतं म्हणाल्या, सौम्य होतं, वेळेवर सांगितलंत म्हणून सोपं गेलं. पुढच्या वेळी आधीची इंजेक्शनं वाढवू आणि बाटली हळू सोडू. जास्त झालं असतं तर हे औषध सोडून दुसरं बघावं लागलं असतं.

घरी यायला अंधार पडला. एसटीत हे माझा हात धरून बसले होते, सुई टोचलेला नव्हे, दुसरा.

२ डिसेंबर

मूठ – पाव.

८ डिसेंबर

मूठ – अर्धी!

चहाच्या कपाचा कान धरला. दोन हातांची ओंजळ करून प्यायची सवय झालेली. धरला, उचलला, प्याले. कुणाला सांगितलं नाही. स्वातीला फोन केला आणि तिलाही नाही सांगितलं, नुसतंच थंडी कशी आहे विचारलं. मागच्या वेळी बोलून पस्तावलेय.

दुपारी एक वेल बांधली. लव्हाळ्याची गाठ बसली. सैल बसली, पण बसली.

१५ डिसेंबर

मूठ – अर्धीच्या वर.

पानांवर ठिपके. उत्तरेच्या कडेला, बऱ्याच वेलींवर. भाऊजी आनंदानं नाचायचेच बाकी. "म्हटलं न्हवतं? बूट घालून फिरत्यात. करपा आला." ठिपके दरवर्षी थंडीत येतात, धुई-धुकं पडलं की येतात. हे भाऊजींना माहीत आहे, ह्यांना माहीत आहे, आत्याबाईंना तर सगळ्यात जास्त. पण आत्याबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. बोलल्या असत्या तर मी दोन शब्द ऐकवले असते. नुसतं बघितलं.

उद्या मळ्यातल्या देवीला नैवेद्य. म्हटलं, एक दिवस. एका दिवसानं काय होतंय.

१६ डिसेंबर

अनवाणी गेले. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर बरं दिसलं. नैवेद्य झाला. परत येताना पांगाऱ्याची वाळकी फांदी. वेली ज्या झाडांवर चढवतो त्यातलाच पांगारा, काटेरी. काटा टाचेत गेला, भेगेतच. काढला, हळद दाबली. कुणाला सांगितलं नाही.

१९ डिसेंबर

टाच लाल, गरम. ताप. मॅडमना फोन. "आत्ताच्या आत्ता या."

२० डिसेंबर

चीर देऊन पू काढला. अँटिबायोटिक. मॅडम पहिल्यांदा चिडल्या. "बूट घेतले होते ना तुम्ही?" जखम पूर्ण भरेपर्यंत आणि ताप जाऊन बरेच दिवस होईपर्यंत इन्फ्युजन नाही. चोवीस तारखेचं रद्द. आठवड्याची गोळीही तोपर्यंत बंद.

घरी येताना ह्यांना म्हटलं, "दोन चट्टे आले तर तुमी मला घरी नेत हुता. आता मीच माजं बंद पाडलं."

२६ डिसेंबर

मूठ – पाव.

जे आलं होतं ते चाललंय. रोज सकाळी थोडं थोडं चाललंय. कपाचा कान सुटला आज, कप फुटला. ठिपके? गेले. ऊन पडलं आणि गेले. माझ्या अनवाणी पायांनी नव्हे.

इतका संताप येतो ना. देवावर नाही, भाऊजींवर नाही. एका नजरेसाठी मी महिनाभराचा हात घालवला, त्या माझ्या मऊपणावर.

२९ डिसेंबर

मूठ – नाही.

आज आत्याबाईंनी माझी टाच बघायला मागितली. मी म्हटलं, बघून काय करणार? त्या खाली बसल्या, वयाला न शोभेल अशा पटकन, आणि पाय मांडीवर घेतला. पट्टी उघडून बघितली. परत बांधली.

मग म्हणाल्या, "घाल बूट."

"आणि विटाळ?"

"मला लागू दे. माजं काय ऱ्हायलंय आता? दोष लागायचा तर मला लागंल, मी सांगितलं म्हणून. तू घाल."

सासूच्या मांडीवर पाय, आणि मी बावन्न वर्षांची बाई हमसून हमसून रडतेय. भाऊजी तेवढ्यात दारात. त्यांनाही ऐकवलं आत्याबाईंनी, "इलास, मळा तुज्या बापानं लावला, त्याची बायको मी हाय. बुटाचं काय बोलायचं असंल तर माज्यासंगं बोलायचं, हिच्यासंगं न्हाय."

भाऊजी चहा न घेता गेले. हे पहिल्यांदाच घडलं असेल.

९ जानेवारी

तिसरं, अखेर. टाच भरली, रक्त बघितलं, मग दिलं. आधीची इंजेक्शनं वाढवली, बाटली अगदी संथ, पुन्हा काही झालं नाही. सारखी मान खाजवून बघत होते, खाजते का म्हणून. सिस्टर म्हणाली, "ताई, खाजवलं की खाजणारच."

तात्या होते. ह्या वेळी त्यांच्या बाटलीचा रंग वेगळा वाटला म्हणून विचारलं.

"आवशध बदललं माजं. आधीचं झक्कास चाललं हुतं, मग थकलं. हे तिसरं."

"थकलं म्हंजी?"

"म्हंजी लागू पडंना झालं. मी बी तितंच, आवशध बी तितंच, आन् गुडघं पयल्यासारखं."

"हे बी थकलं तर?"

"तर आणिक एक असतंय म्हणं." भडंग पुढं केलं. "खावा. ऊस तरी दरसाल सारखा येतो का?"

त्यांना ते चालतं. मला चालेना. मॅडमना विचारलं, हा आजार जातो का? "जात नाही. ताब्यात राहतो. बऱ्याच जणांचा बराच काळ राहतो. किती काळ ते आधी सांगता येत नाही." खोटं बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेवढ्यापुरतं.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात? सकाळपर्यंत भाऊजींनाही कळणार, ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

२२ जानेवारी

मूठ – अर्धी.

३१ जानेवारी

मूठ – पाऊण. भाकरी थापली. कडा फाटल्या, गोल मात्र होती. ह्यांनी दोनदा मागून घेतली. खरं तर पोट भरलेलं होतं त्यांचं, ढेकर ऐकू आली होती.

१२ फेब्रुवारी

मूठ – जवळजवळ. करंगळी मागं राहते.

एक सरी खुडली, पूर्ण. बूट घालून. गडी आधी बुटांकडं बघायचे, आता हातांकडं बघतात. पान फाटत नाही. देठाशी नख लागतं आणि टक् आवाज येतो, तो ऐकून मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. म्हटलं नाही, माझा आवाज कावळ्याचा.

१८ फेब्रुवारी

मूठ – पूर्ण. दोन्ही हातांची. बघा मॅडम.

संध्याकाळी घरात बोलणं. भाऊजींनी उसाचं बेणं सांगून ठेवलंय, मला न विचारता. "वैनी, हात बरं झालं, आनंद हाय. पर ते आवशध थकतं म्हणं. दर दोन महिन्याला बारामती, ताप आला की बंद, काटा लागला की बंद. असल्या हातांवर मळा ठिवायचा?"

मी ह्यांच्याकडं बघत होते. "उतरणीपातुर बघू" म्हणणारा माणूस. उतरण तर दाराशी आली.

"तुमी बोला की काहीतरी."

"इलास म्हणतो ते बी खोटं न्हाय," एवढंच.

खोटं नाही. मलाही माहीत आहे खोटं नाही. म्हणून तर इतका राग आला.

२३ फेब्रुवारी

मूठ – पूर्ण.

मळा नांगरून काढायला ट्रॅक्टर परवा येणार. भाऊजींनी ठरवलं, ह्यांनी नाही म्हटलं नाही. आत्याबाई बोलल्या, पण भाऊजी आता त्यांचंही ऐकेनात. "भावना बाजूला ठिव, आई." लवकर झोपते आज.

२४ फेब्रुवारी

मूठ – पूर्ण.

उजाडताच गेले आणि उतरण सुरू केली. कुणाला विचारलं नाही.

वरच्या गाठी सोडायच्या, वेल हातावर घेत घेत खाली आणायची. झटका बसला तर मोडते, सैल सोडली तर पिळते, किती वजन येतंय ते बोटांना कळावं लागतं. कळत होतं. पहिल्या दोन मोडल्या, घाईनं. मग नाही. वेटोळं केलं, खड्ड्यात ठेवलं, माती ओढली, शेंडा वर ठेवला.

थोड्या वेळानं फाटक वाजलं. हे. पाय धुतले, अनवाणी आत आले, माझ्याकडं बघितलंही नाही. सरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खड्डे घ्यायला लागले. दुपारी मग म्हणाले, "पाणी पी, शीर सापडंना हुईल." इन्फ्युजन सहा मार्चला आहे. मी हसले आणि प्याले.

आत्याबाई फाटकात बसून होत्या. भाऊजी आले ते त्यांना ओलांडून आत येईनात. तिथूनच म्हणाले, "वैनी, उद्या ट्रॅक्टर येतोय."

"येऊ द्या. मी सरीतच असणार."

"आन् पुन्हा हात गेलं तर? समदं उतरून, चढवून, मग गेलं तर?"

हाच प्रश्न आहे, आणि उत्तर कुणाकडंच नाही, मॅडमकडंही नाही. हातातली वेल मी खाली ठेवली नाही.

"गेलं तर गेलं, भाऊजी. आज माजं हायत."

भाऊजी मग गेले. ट्रॅक्टर नको म्हणून सांगायला गेले की आणायला गेले, त्यांनाच ठाऊक.

आता रात्री उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलंय. दिवसभर राबले म्हणून, की आत्तापासूनच औषध थकायला लागलं, मला कळत नाही. उद्या मॅडमना फोन करणार, मळ्यातूनच. पहिली सरी झाली, दुसरी अर्धी राहिली. ट्रॅक्टर सकाळी नऊला यायचाय. त्याच्या आधी मी तिथं उभी असेन.